मुक्यांचा झिरा

बाई, नदीच्या वाळूतल्या तुझ्या वाडीत टरबुजाच्या वेलींना काल पहिलं फूल आलं. पिवळं, अंगठ्याच्या नखाएवढं. तुला दाखवावं म्हणून मी मागे वळलो, आणि मग तसाच उभा राहिलो.

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. मी शाळेतून होळीनंतरपर्यंत रजा मागून घेतली आणि नाचणगावच्या तुझ्या घरातच राहिलो. सकाळी उठून नदीत उतरतो. तुझ्या शेजारचा वाडीवाला किसनभाऊ स्वतःच्या वेलींबरोबर तुझ्याही वेलींना पाणी घालतो आहे. मला घागर उचलू देत नाही. म्हणतो, "मास्तर, तुमी दोन घागरी आनान, अन् तिसऱ्या खेपेले मलेच तुमाले उचलून आनावं लागन."

परवा कावड खाली ठेवून तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "होळी आली. एक सांगू का? मुक्याइचा झिरा औंदा खनू नका. बाई होती तवा गोष्ट येगळी होती. आता कोल्ह्याइले आवतन कायले द्यायचं?"

मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. दहा वर्षांपूर्वीच बोलायला पाहिजे होतं, आणि तेही तुझ्यासमोर. म्हणून हे लिहायला बसलो आहे. माझं लिहिणं तुला ठाऊक आहे. एक ओळ लिहून मी बराच वेळ भिंतीकडे पाहत बसतो. तू म्हणायचीस, "लिवते कमी अन् रवंथच जास्त करते."

माय गेल्यावर मला तूच वाढवलंस. अक्षरं मी शाळेत शिकलो, पण त्याआधी वाळू वाचायला तू शिकवलंस. उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या बाजूची धार तुटते. रेल्वेच्या पुलाखालच्या डोहात काय ते पाणी राहतं, आणि वैशाखात त्याचाही चिखल होतो. पण वाळूत झिरा खणला की पाणी मिळतं. आधी चटका देणारी वाळू, मग गार, मग ओली, आणि शेवटी पिंजलेल्या कापसासारखी मऊ वाळू हाताला लागते. तिथे थांबायचं, आणि झिऱ्याकडे पाठ करून बसायचं. पहिल्यांदा मी विचारलं होतं, पाठ कशाला? तू म्हणालीस, "टकमक पाह्यत बसलं का पानी लाजते." मी पाठ करून बसलो. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर तळाशी ओंजळभर पाणी होतं. स्वच्छ, आणि त्यात आभाळ.

वेलींना पाणी घालायचे झिरे वेगळे आणि मुक्यांचा, म्हणजे मुक्या जनावरा-पाखरांचा, वेगळा. तो वाडीपासून दूर, दरडीखाली रुईची झुडपं आहेत तिथे. सारं गाव धुळवडीचा रंग अंगावरून घासत असायचं, तेव्हा तू फावडं घेऊन तो खणायला निघायचीस. त्याला एका बाजूने लांब उतार ठेवायचीस, म्हणजे कोल्ह्याला खाली उतरता येईल. दुसऱ्या बाजूला ओल्या वाळूच्या दोन पायऱ्या थापायचीस. त्या साळुंक्यांच्या. त्या झिऱ्यातलं पाणी आपण कधी घागरीत भरलं नाही. वाळू ढासळली की रोज संध्याकाळी ती काढून द्यायची, एवढंच आपलं काम. तिथेच तू मला टिटवी दाखवलीस. ती पाण्यात बसली, पोटाची पिसं भिजवली आणि तुरुतुरु पळत गेली. मी म्हणालो, आंघोळ करते आहे. तू म्हणालीस, "आंगोळ नोहे ते. उघड्या वाळूत अंडे हायेत तिचे. पोटाले पानी घेऊन जाते, अंड्याइले गार कराले." पुढे कितीतरी पुस्तकं वाचली, पण इतकं नीट पाहणारं माणूस त्यांत क्वचितच भेटलं.

मात्र आपलं भांडण होतं ते खरंच होतं. वर्ध्याला मास्तरकी शिकत असताना मी सुटीत यायचो. नवं वाचलेलं माणसाच्या पोटात राहत नाही. तुझं म्हणणं साधं होतं: नदी आटत नाही, ती आत जाते. "उशिरा येनाऱ्याचं जेवन माय कशी झाकून ठेवते? तसं देवानं पानी झाकून ठेवलं. वर ठेवलं असतं तं उन्हानं पिऊन टाकलं असतं."

मी तुला समजावून सांगितलं की वाळूच्या खाली चिकण मातीचा थर असतो. पाणी त्याच्याखाली उतरत नाही, म्हणून साचतं. यात कोणी झाकलं-बिकलं नाही.

तू वेलाचं आळं साफ करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बरं. मंग ते चिकन माती तिथं कोनं लिपली?"

"कोणी नाही. हजारो वर्षांत आपोआप बसत गेली."

"म्हंजे हजारो वर्सं लिपून राह्यला तो. अन् मी एक चूल लिपली का माही कंबर धरते."

मी मनात नवा मुद्दा शोधू लागलो. तुझी आणि माझी बारा वर्षं अशीच गेली. पुलावरून गाडी गेली की खिडक्यांतून माणसं कोरड्या वाळूला हात जोडताना दिसायची. मी हसायचो. तू म्हणायचीस, "त्याइले ठावं हाये, पानी कुठं हाये ते." गेल्या दिवाळीच्या सुटीत मी पेपर वाचून सांगितलं की आपला जिल्हा आता मुंबईच्या राज्यात गेला. तू कढईतलं उलथनं तसंच धरून विचारलंस, "नदीले सांगतलं का कोनी?"

सगळ्याच वादांत तू जिंकलीस असं मात्र नाही. या माघातलीच गोष्ट. बौद्धवाड्यातली जनाबाई घागर घेऊन तुझ्या झिऱ्यावर आली. तिचं घर गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बुद्धाच्या धर्मात आलेलं. गावच्या विहिरीवर कोणी कुठं उभं राहायचं हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं. वाळूला काठच नसतो, तिथे कोण काय ठरवणार? तिची घागर भरता भरता तू देवाचं तुझं नेहमीचं सांगायला लागलीस. ती म्हणाली, "आमी आता देव मानत नाई, बाई." तू म्हणालीस, "नको मानू. पानी तुले मानते ना?" ती घागर डोक्यावर घेत म्हणाली, "पानी तं पयलेबी मानत होतं. मानसंच मानत नोहोते." ती दूर गेल्यावर तू म्हणालीस, "हे खरं बोलली ते." मी त्या दिवशी सुटीवर आलेलो होतो. आपलं बोलणं खोडलं गेल्यावर ते इतक्या सहज मान्य करणारं माणूस मी शिक्षकांच्या बैठकीतही पाहिलेलं नाही.

आता ती गोष्ट.

मास्तरकी शिकण्याच्या शेवटच्या वर्षी, वैशाखात, मी तुला एकदाच अडवलं. मी म्हणालो, "झाकून ठेवलं ते आपल्यासाठी ठीक आहे. आपल्याला हात आहेत, फावडं आहे. पण कोल्ह्याचं काय? तो वीतभर उकरेल, आणि पाणी आता हातभर खाली गेलं आहे. साळुंकी तर तेवढंही उकरू शकत नाही. तहान दिली, पाणी झाकून ठेवलं, आणि उघडायला काही दिलं नाही. ही कसली काळजी?"

तू थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "जाय, घागर आन."

मला वाटलं, मी जिंकलो.

दुसऱ्याच दिवशी तू देवळीला लग्नाला गेलीस. वाडी माझ्यावर सोपवलीस. जाताना म्हणालीस, "मुक्याइच्या झिऱ्यातली वाळू संध्याकाळी काढजो, वासू. इसरू नको." मी विसरलो नाही. तेच वाईट आहे. त्या आठवड्यात कोल्ह्याने दोन टरबुजं फोडली होती, आणि एका शेतीच्या पुस्तकात मी वाचलं होतं की पाणवठा बंद केला की जनावर ती जागा सोडून जातं. पुस्तकातलं करून पाहायचं होतं, तुझी दोन टरबुजं वाचवायची होती, आणि खरं सांगायचं तर तुला हरवायचं होतं. संध्याकाळी मी झिरा वाळूने बुजवला आणि वर बाभळीच्या फांद्या दाबून ठेवल्या.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी वाळूत उतरलो. बाभळीच्या फांद्यांभोवती चारी बाजूंनी वाळू उकरलेली होती. नखांच्या रेघांवर रेघा. एका ठिकाणी फांदीखालून तोंड घालायचा प्रयत्न केलेला, आणि काट्याला केस अडकलेले. तिथून पावलं सरळ वाडीकडे गेलेली. तुझी आणि किसनभाऊची मिळून निम्मी वाडी फुटलेली होती. पिकलेली फोडली होती तशी कच्चीही फोडली होती. गर तसाच पडलेला, फक्त ओल चाटून नेलेली. भूक असली तर जनावर गर खातं. हे तहानेचं काम होतं, आणि ते वाचायला तूच मला शिकवलं होतंस.

मी काय केलं? फांद्या उचलून दूर फेकल्या. झिरा घाईघाईने उकरला. आणि मग एका डहाळीने ती सगळी पावलं पुसली. त्यात तळहातात एक काटा मोडला.

ऊन चढल्यावर लोक जमले. किसनभाऊने कपाळावर हात मारून घेतला. त्याला झिरा उघडा दिसला, त्यात पाणी दिसलं, आणि त्याच्या दृष्टीने सगळं स्पष्ट झालं. तू देवळीहून परतलीस ती थेट त्या गर्दीत. तो तुला म्हणाला, "पाह्य! पाह्य तुह्या पाहुन्याइनं काय केलं ते! कोल्ह्याची माय हायेस तू, कोल्ह्याची माय!"

तू चारी बाजूंनी पाहिलंस. फुटलेली टरबुजं उचलून पाहिलीस, त्यांतला न खाल्लेला गर पाहिलास. दरडीखाली जाऊन झिरा पाहिलास. त्याला उतार नव्हता, पायऱ्या नव्हत्या. परत आलीस आणि म्हणालीस, "झालं ते झालं, किसना. माह्या वेलाची उरली ते तू ने." एवढंच. घरी आल्यावर तू माझा हात धरलास, उजेडाकडे केलास आणि सुईने काटा काढू लागलीस. "कुठं लागला?" मी म्हणालो, "शाळेच्या कुंपणाचा." शाळेला मे महिन्याची सुटी होती, बाई. तू "हं" म्हणालीस, आणि त्यावर रुईचा चीक लावलास.

ते नाव तुला चिकटलं. बाजारात, घाटावर, लग्नात, "आली कोल्ह्याची माय." तू हसून म्हणायचीस, "हाव, हाये. लेकरं मोठे झाले, पन माहेर सोडत नाईत." लोक हसायचे. मीही हसायचो. दर धुळवडीला तू झिरा खणायचीस, दर वर्षी कोल्हे एखाददुसरं टरबूज खायचे, आणि निम्मी वाडी पुन्हा कधी फुटली नाही. कोणी दोन्हींचा हिशोब जुळवून पाहिला असता तर तू सुटली असतीस. मी रोज मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवत होतो आणि ही एक मांडून दाखवत नव्हतो. सांगेन, म्हणायचो. या दिवाळीत सांगेन. या सुटीत सांगेन.

शेवटच्या तीन दिवसांत तुझा ताप उतरेना. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा तूच त्यांना धीर दिलास. तुला झिऱ्याचं पाणी हवं होतं, विहिरीचं नको. मी चमच्याने पाजत होतो. तू माझा उजवा हात धरलास आणि अंगठ्याने तळहातावर चाचपलंस. बरोबर त्या जागी. "दुखते का रे अजून?"

तेव्हा सांगता आलं असतं. तू दार उघडून उभी होतीस. मी म्हणालो, "नाही, बाई."

तू डोळे मिटलेस. तुझा अंगठा मात्र तिथेच राहिला.

इथपर्यंत लिहून मी वही मिटली होती. मधे पाच दिवस गेले. आज धुळवड झाली, आणि तुला सांगण्यासारखं काही आहे.

दुपारी तुझं फावडं घेऊन मी वाळूत उतरलो. किसनभाऊच्या कानांत अजून गुलाल होता. फावडं पाहून त्याने कावड खाली ठेवली.

"काऊन मास्तर? त्या दिवशी मी काय म्हनलो होतो?"

"किसनभाऊ, बसा जरा. त्या वर्षी तो झिरा उघडा नव्हता. मी बुजवला होता."

सांगायला घेतलं आणि थांबलो नाही. पुस्तक, बाभळीच्या फांद्या, नखांच्या रेघा, चाटलेली ओल, पावलं पुसणारी डहाळी. मी त्याच्या पायांकडे पाहत बोललो, तोंडाकडे पाहवलं नाही. संपलं तेव्हा तो वाळूत बोटाने रेघा ओढत होता.

"म्हंजे कोल्हे तहानेनं मरून राह्यले होते."

"हो."

"अन् मी दहा वर्सं त्या बाईले कोल्ह्याची माय म्हनलो."

"हो."

"अन् तुमी आयकून राह्यले होते."

"हो."

"तिले ठावं होतं?"

मी तळहात पुढे केला. काट्याची गोष्ट सांगितली, आणि अंगठ्याची. त्याने हात पाहिला. काही दिसत नाही तिथे आता. तरी तो वाकून पाहत होता. मग डोकं हलवत म्हणाला, "पाह्य बापा. आमी नदीतले कोल्हे हाकलत बसलो, अन् मोठ्ठा कोल्हा तं तिनं घरातच पाळला होता. शिकवून मास्तरबी केला."

मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. तोही हसला, आणि हसता हसता पंच्याने डोळे पुसू लागला. गुलाल सगळ्या तोंडाला लागला. "पाय धरावं म्हनलं तं पायबी नाई राह्यले आता," म्हणाला. मग उठला. "द्या ते फावडं. तुमच्या हातचा झिरा साळुंकीलेबी पुरनार नाई."

"मी खणतो."

"मंग मी उतार करतो. आन् एक आयका, हे गोष्ट आता मी गावात सांगनार हाये. घाटावर, बाजारात, सगळीकडे. तुमचं नाव घेऊन."

"सांगा," मी म्हणालो. "म्हणूनच तुम्हाला सांगितली."

मी खणलं. आधी चटका देणारी वाळू, मग गार, मग ओली. खणता खणता तुझं ते "घागर आन" आठवलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नव्हतं. उघडायला काही दिलं नाही, असं मी म्हणालो होतो, आणि ते ज्या हातांनी उघडायचं ते हवेत नाचवत म्हणालो होतो. तू वाद घातला नाहीस, कामाला लावलंस. झाकून ठेवणाऱ्याने कोणाला तरी वाढायला सांगितलेलंच असतं. त्या वैशाखात मी ताटावर दगड ठेवून देवाला जाब विचारत होतो. चिकण मातीच्या थराबद्दल मी अजूनही चूक नाही, बाई. पण तो कोणी लिपला, या तुझ्या प्रश्नाला आता मी "आपोआप" म्हणणार नाही.

वाळू कापसासारखी मऊ लागली. मी थांबलो. किसनभाऊने उतार सारखा केला, दुसऱ्या बाजूला मी दोन पायऱ्या थापल्या. एक जरा वाकडी झाली. मग आम्ही दोघं झिऱ्याकडे पाठ करून बसलो. किसनभाऊ कुजबुजला, "हे पाठ कायले करते तुमची बाई, मले कदी समजलं नाई."

"पाणी लाजतं म्हणून."

"बरं," तो म्हणाला.

पुलावरून एक गाडी गेली. पुन्हा शांत झालं. मग मागे वाळूवर बारीक पावलांचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, आणि पाण्यात काहीतरी अलगद बसल्यासारखं वाटलं. किसनभाऊने माझा गुडघा दाबला. आम्ही वळलो नाही. पिसं झटकल्याचा आवाज झाला आणि पावलं तुरुतुरु दूर गेली.

मग वळून पाहिलं. तळाशी ओंजळभर पाणी होतं, अजून हलत होतं. वाकड्या पायरीवरून थेंबांची एक ओळ निघून कोरड्या वाळूवर सरळ पलीकडे गेली होती, कुठल्यातरी उघड्यावरच्या अंड्यांकडे. मागचे थेंब उन्हाने सुकत होते. पुढचे अजून ओले होते.